मुंबईची हवा: विदर्भातल्या गावांतून नेहमी येणारे प्रश्न

आर्वी, दिग्रस, वरोरा, मेहकर, मोर्शी अशा ठिकाणांहून हे प्रश्न येत राहतात. कुणाचं पोरगं मुंबईला शिकायला किंवा नोकरीला गेलेलं असतं, कुणाला परळला टाटा रुग्णालयात पेशंट न्यायचा असतो, कुणी परीक्षेला निघतं, कुणी ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर. सारखे येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत आणि शक्यतो लोकांच्याच शब्दांत ठेवले आहेत. मुंबईचे आकडे हवामान खात्याच्या कुलाबा आणि सांताक्रूझ या दोन वेधशाळांवरचे आहेत.

१. मुंबईत वर्षभर हवा कशी राहते? आपल्यासारखे तीन ऋतू असतात का?

असतात, पण त्यांची चाल वेगळी. साधारण जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत पावसाळा. तो सरला की महिना-दीड महिना उकाडा. डिसेंबर ते फेब्रुवारीचा अर्धा भाग सुखाचा. मार्चपासून पुन्हा घाम, तो पहिल्या पावसापर्यंत.

आपल्याकडे जानेवारीत दुपारी २८-२९ अंश असतात आणि मे महिन्यात ४३-४४, चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे त्याहून जास्त. मुंबईत दुपारचं सरासरी तापमान बाराही महिने साधारण ३० ते ३४ च्या आतबाहेर असतं. समुद्र उशिरा तापतो आणि उशिरा निवतो, त्यामुळे शेजारच्या जमिनीला तो फार तापूही देत नाही, फार गारठूही देत नाही. तिथला दिवस कसा जाणार हे हवेतला ओलावा, वारा आणि पावसाळ्यात भरती यांवरून ठरतं. नुसता तापमानाचा आकडा पाहून मुंबईचा अंदाज बांधू नका. पुढची बहुतेक उत्तरं याच गोष्टीभोवती फिरतात.

२. मोबाइलवर मुंबईचं तापमान ३३ दाखवते, आमच्या इथं ४५ चालू आहे. मग पोरगी रोज फोनवर "उकडते, उकडते" म्हणते ते काहून?

ती खरं सांगते आहे. अंगातली उष्णता घाम वाळताना बाहेर जाते. आपल्याकडे मे महिन्याच्या दुपारी हवेत आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास, कधी त्याहूनही कमी असते. घाम आला की लगेच उडतो, आला होता हेसुद्धा कळत नाही. मुंबईत त्याच वेळी आर्द्रता ६०-७० टक्के असते. घाम निथळतो, कपडे भिजतात, पण वाळत नाही आणि अंग निवत नाही.

रात्रही सुटका देत नाही. मे महिन्यात पहाटेसुद्धा तिथे २७ च्या खाली क्वचितच जातं. आपण अंगणात किंवा गच्चीवर खाट टाकून झोपतो. एका खोलीत चार-पाच मुली राहत असतील तर तिला ती सोय नाही. त्यामुळे "एवढ्याशा गरमीला काय घाबरतेस" असं म्हणू नका.

नवीन हवेशी जुळवून घ्यायला शरीराला दहा दिवस ते दोन आठवडे लागतात. तोवर सुती सैल कपडे, दिवसातून दोनदा अंघोळ आणि पाण्यासोबत मीठ पोटात जाईल असं ताक, लिंबू सरबत, पन्हं. आपल्याकडे तपनीत चेहराभर दुपट्टा गुंडाळतात, ते कोरड्या झळांसाठी अगदी योग्य आहे. मुंबईच्या दमट हवेत मात्र तोच दुपट्टा घाम कोंडतो. तिथे छत्री किंवा टोपी बरी. घामोळं आणि जांघेतला, काखेतला नायटा तिथे फार होतो. ओले कपडे अंगावर वाळू देऊ नयेत, आणि औषधाच्या दुकानातून मनानं मलम आणून लावण्यापेक्षा एकदा त्वचेच्या डॉक्टरांना दाखवावं. स्टेरॉइडचं मलम लावून नायटा चिघळल्याची उदाहरणं खूप आहेत.

३. घरचा कूलर मुंबईला पाठवून देऊ का?

नका. कूलर ओल्या ताट्यांतून हवा ओढतो, पाणी उडतं आणि त्यामुळे हवा गार होते. हवा कोरडी असली तरच हे जमतं. आपल्याकडची ४३-४४ अंशांची हवा वाळ्याच्या ताटीतून आली की तिशीच्या खाली येते. मुंबईच्या ३३ अंशांच्या दमट हवेत तोच कूलर जेमतेम तीन-चार अंश उतरवतो, आणि खोलीतला ओलावा वाढवून ठेवतो. रात्रभर चालवला तर गाद्या दमट लागतात. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडचा कूलरही निरुपयोगी होतो, त्याचं कारण हेच. त्या पैशात चांगला पंखा घ्या, आणि खोली बघतानाच समोरासमोर खिडक्या आहेत का ते पाहा.

४. मुंबईतसुद्धा मे महिनाच सगळ्यात तापतो ना? नवतपात तिकडे गेलं तर?

सरासरी पाहिली तर मे जड असतो. पण पारा एकदम उसळी घेतो ते दिवस बहुतेक मार्च-एप्रिलमधले असतात. दुपारपर्यंत जमीन तापते, तिच्यावरची हवा वर चढते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरून गार वारा येतो. मार्चमध्ये कधी कधी पूर्वेकडून, म्हणजे जमिनीवरून, कोरडा वारा जोरात वाहतो आणि समुद्राच्या वाऱ्याला दुपार उलटेपर्यंत अडवून धरतो. अशा दिवशी मुंबईतही ४० पार होतं. सांताक्रूझला २८ मार्च १९५६ रोजी ४१.७ अंश नोंदले गेले होते.

नवतपाच्या दिवसांत, २५ मे ते २ जूनच्या सुमारास, आपल्याकडे आग ओतत असते आणि मुंबईत ३३-३४ अंशांसोबत प्रचंड दमटपणा. तिथे लू लागणार नाही, पण उन्हात रांगेत उभं राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला चक्कर येऊ शकते. कामं सकाळी दहाच्या आत उरका.

५. मुलगा बदलापूरला राहतो. तो म्हणतो ४२ झालं, बातम्यांत मुंबई ३४ सांगतात. खोटं कोण बोलतं?

दोघंही खरं बोलतात. कुलाबा तीन बाजूंनी समुद्रानं वेढलेलं आहे. सांताक्रूझ थोडं आत. कल्याण, बदलापूर, कर्जत आणखी आत, डोंगराच्या पायथ्याशी. समुद्राचा वारा तिथवर उशिरा आणि दमून पोचतो, म्हणून एप्रिलमध्ये तिथली दुपार आपल्या पश्चिम विदर्भासारखी असते. हिवाळ्यात उलट होतं: तिथे पहाट कुलाब्यापेक्षा चांगलीच गार. भाडं परवडतं म्हणून आपली बरीच मुलं याच पट्ट्यात राहतात. त्यांच्यासाठी "मुंबई" न शोधता त्या गावाचं नाव टाकून अंदाज पाहावा.

६. ३७ अंशांना मुंबईत "उष्णतेची लाट" म्हणतात. मग आम्ही ४४ मध्ये निंदण करतो त्याला काय म्हणायचं?

हवामान खात्याचे निकष जागेप्रमाणे वेगळे आहेत. मैदानी भागात कमाल तापमान किमान ४० असेल आणि सरासरीपेक्षा ४.५ अंश किंवा जास्त असेल, तर लाट. किनाऱ्यावर हीच पायरी ३७ ची. कारण प्रश्न २ मध्ये आलंच: दमट हवेत ३७ अंशसुद्धा शरीराला धोकादायक असतात.

त्यामुळे इशारा नाही म्हणजे धोका नाही, असं आपल्याकडेही समजू नये. विदर्भात मे महिन्याची सरासरीच इतकी वर आहे की ४४ ला लाट जाहीर होईलच असं नाही. पण त्या उन्हात शेतात वाकून काम करणाऱ्या बाईच्या शरीराला सरासरीशी काही देणंघेणं नसतं. अकरा ते चार काम बंद ठेवणं हाच आपल्याकडचा इशारा समजा. हे मी प्रत्येक सरपंचाला आणि शेतमालकाला कळकळीनं सांगतो.

७. टीव्हीवर मुंबईत पाऊस दाखवला की आमच्याकडे किती दिवसांनी येतो? बियाणं टाकायला हरकत नाही ना?

हरकत आहे. मुंबईचा पाऊस पाहून पेरणी करू नका.

मान्सून मुंबईत पोचण्याची सर्वसाधारण तारीख ११ जून, आणि विदर्भात तो जूनच्या मध्याला पसरतो. कागदावर अंतर चार-पाच दिवसांचं, पण ते पाळलं जाईलच असं नाही. मुंबईला पाऊस देतात अरबी समुद्रावरून येणारे आणि सह्याद्रीला धडकणारे वारे. घाट ओलांडेपर्यंत त्यांचं बरंचसं पाणी सांडून गेलेलं असतं. विदर्भाचा मोठा पाऊस बंगालच्या उपसागरात तयार होऊन ओडिशा-छत्तीसगडमार्गे सरकणाऱ्या कमी दाबाच्या पट्ट्यांवर अवलंबून असतो. एक शाखा जोरात आणि दुसरी थबकलेली, असं अनेकदा होतं.

२०२५ चं वर्ष डोळ्यांसमोर ठेवा. मुंबईत मान्सून २६ मे रोजीच दाखल झाला, नोंदींमधलं ते सगळ्यात लवकरचं आगमन. नंतर मात्र तो अडखळला आणि विदर्भाच्या बऱ्याच भागाला जूनच्या मध्यापर्यंत वाट पाहावी लागली. घाई झाली की दुबार पेरणी आलीच, आणि सोयाबीनची बॅग दुसऱ्यांदा घेण्याइतकी ऐपत किती घरांत असते? कृषी विभागाचा सल्ला साधा आहे: आपल्या शिवारात ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस पडून ओल खोलवर गेल्याशिवाय पेरू नका. मृग लागला म्हणूनही नाही आणि मुंबई भिजली म्हणूनही नाही.

८. आमच्याकडे आठ-आठ दिवस झड लागते. मुंबईत त्याहून जास्त पडतो का?

कितीतरी जास्त. मुंबईत वर्षाला सव्वादोन ते अडीच हजार मिलिमीटर पाऊस होतो. नागपूरला हजार-अकराशे, पश्चिम विदर्भात अकोला-बुलडाण्याकडे साडेसातशे-आठशे, गडचिरोलीत त्याहून बराच जास्त. सांताक्रूझला एकट्या जुलैची सरासरी ८०० मिलिमीटरच्या वर आहे, म्हणजे अकोल्याचं अख्खं वर्ष तिथे एका महिन्यात येतं.

आणि तो सगळीकडे सारखा नसतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्याच दिवशी कुलाब्याला ७५ सुद्धा नाही. म्हणून "मुंबईत पाऊस आहे" या बातमीवर घाबरण्याआधी आपलं माणूस कोणत्या भागात आहे ते विचारा.

९. अमावस्या-पौर्णिमेला मुंबईत पाणी तुंबते म्हणतात. खरं की समजूत?

खरं आहे, अर्धं. समुद्राला दिवसातून दोनदा भरती येते, आणि दुसऱ्या दिवशी तिची वेळ साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. अमावस्या-पौर्णिमेच्या सुमारास, आणि नंतरच्या एक-दोन दिवसांत, भरती सगळ्यात उंच असते. मुंबईचं पावसाचं पाणी नाल्यांतून समुद्रातच जातं. भरतीची पातळी वर असली की नाल्यांच्या तोंडाशी समुद्रच उभा असतो आणि पाण्याला बाहेर पडायला जागा राहत नाही. मूळची सात बेटं मधली खाडी बुजवून जोडलेली असल्यानं शहराचा पुष्कळ भाग सखल आहे.

पण नुसत्या भरतीनं शहर तुंबत नाही, आणि भरती नसतानाही ढगफुटीसारखा पाऊस झाला तर तुंबतं. दोन्ही एकत्र आले की खरी पंचाईत. महापालिका पावसाळ्यापूर्वीच साडेचार मीटरपेक्षा उंच भरतीच्या तारखा आणि वेळा जाहीर करते. त्या वेळांच्या आगेमागे दोन तास हिंदमाता, शीव, कुर्ला, मिलन सबवे, अंधेरी सबवे इकडे जाणं टाळावं. ओहोटी लागली की पाणी उतरतं, तोवर आहात तिथेच थांबा.

तुंबलेल्या पाण्यातून चालू नका. उघडं मॅनहोल दिसत नाही. शिवाय उंदरांच्या मुतानं दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो, पायाला जखम असेल तर जास्तच. चालावं लागलंच तर ७२ तासांच्या आत डॉक्टरांना दाखवून प्रतिबंधक गोळ्या घ्याव्यात, ताप येण्याची वाट बघू नये. आपल्याकडे पाऊस उघडला की चिखल पायावर वाळतो आणि विषय संपतो. तिथे ती सवय नडते.

१०. जुलैमध्ये टाटाला पेशंट न्यायचा आहे. तारीख पुढे ढकलू का?

पावसासाठी उपचाराची तारीख ढकलू नका. फक्त एक दिवस आधी पोचा. विदर्भ, सेवाग्राम, अमरावती या तिन्ही गाड्या इगतपुरी-कसारा घाटातून उतरतात. जोराच्या पावसात घाटात दरड आली किंवा कल्याण-कुर्ल्याच्या बाजूला रुळांवर पाणी आलं की गाडी इगतपुरीला, कसाऱ्याला तासन्‌तास उभी राहते. पेशंटच्या दोन वेळच्या गोळ्या आणि खाणं हाताशी, वरच्या पिशवीत असू द्या.

रुग्णालय परळला आहे आणि पाणी तुंबणारं हिंदमाता तिथून जवळच, त्यामुळे प्रश्न ९ मधल्या भरतीच्या वेळा बघूनच बाहेर पडा. रिपोर्ट आणि फिल्म जाड प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळा. केमोथेरपी चालू असलेल्या माणसाची प्रतिकारशक्ती कमी असते. त्याला ओल्या कपड्यांत बसू देऊ नका, उघड्यावरचं खाऊ देऊ नका, आणि ताप १००.४ फॅरनहाइटच्या वर गेला तर रात्र असली तरी तातडीच्या विभागात न्या.

११. एवढा पाऊस पडते तरी मे-जूनमध्ये पाणीकपात कशी?

शहरात पडलेला पाऊस बहुतेक समुद्रात जातो. मुंबईला पाणी देणारे सात तलाव म्हणजे अप्पर वैतरणा, मध्य वैतरणा, मोडकसागर, तानसा, भातसा, विहार आणि तुळशी. यांपैकी विहार आणि तुळशीच शहरात आहेत, आणि ते लहान. बाकीच्यांच्या पाणलोटात, शहापूर-इगतपुरीकडे, पाऊस झाला तरच साठा वाढतो. म्हणून दादर बुडालेलं असताना कपात चालूच, असं होऊ शकतं.

१२. दसरा-दिवाळीच्या सुमारास हवा बरी असेल ना?

दसऱ्याला नाही. पाऊस गेला, ढग सरले, ऊन मोकळं झालं, पण जमिनीत आणि हवेत ओल शिल्लक असते. ऑक्टोबरमध्ये दुपारी सरासरीच ३३-३४, काही दिवस ३६ च्या वर. आपल्याकडे कापूस वेचायला सकाळी गारव्यात निघतो, तेव्हा तिथे पंखा पाचवर असतो. नोव्हेंबरच्या मध्यानंतर फरक जाणवतो.

१३. स्वेटर न्यायचा की नाही?

एक पातळ पुरे, तोही मुख्यतः गाडीसाठी. डिसेंबरच्या रात्री भुसावळ ते इगतपुरी खिडकीतून चांगलं हिव लागतं. मुंबईत जानेवारीची पहाट सांताक्रूझला साधारण १६-१७, कुलाब्याला १९ च्या आसपास. आजवरचा नीचांक ७.४ अंश, २२ जानेवारी १९६२ चा. नागपूरला २९ डिसेंबर २०१८ रोजी ३.५ पर्यंत उतरलं होतं. आपल्या माणसाला तिथली थंडी ही थंडीच वाटत नाही.

हिवाळ्यात काळजी करायची ती हवेतल्या धुळीची. वारा मंदावतो, सकाळी थंड हवेचा थर खाली बसतो आणि बांधकामांची धूळ, वाहनांचा धूर त्यातच अडकतो. दम्याच्या माणसानं पंप जवळ ठेवावा आणि पहाटेचं फिरणं ऊन वर येईपर्यंत लांबवावं.

१४. ६ डिसेंबरला गावातली पन्नास माणसं चैत्यभूमीला निघतात. मैदानात झोपावं लागते. काय न्यावं?

त्या दिवसांत दुपारी ३१-३२ आणि रात्री २० च्या आसपास असतं. वर्षातल्या चांगल्या दिवसांपैकी हे दिवस. पण रांगेत तासन्‌तास ऊन लागतं, तेव्हा टोपी आणि पाण्याची बाटली प्रत्येकाची स्वतंत्र हवी. रात्री समुद्रकाठी दव पडतं. चादर आणि खाली अंथरायला प्लास्टिक न्या.

डिसेंबरात पाऊस नसतो, पण येऊ शकतो. २०१७ साली ओखी वादळामुळे ४ आणि ५ डिसेंबरला मुंबईत पाऊस झाला, शिवाजी पार्कवर चिखल झाला आणि लोकांची सोय शाळांमध्ये करावी लागली. निघण्याच्या आदल्या दिवशी अंदाज पाहा. एक मोठी ताडपत्री जवळ असली की म्हातारी माणसं आणि लेकरं कोरडी राहतात.

१५. मुंबईत चक्रीवादळ येतं का?

थेट क्वचित. अरबी समुद्रातली वादळं बहुतेक गुजरात किंवा ओमानकडे वळतात. धोक्याचे काळ दोन: मे-जून आणि ऑक्टोबर ते डिसेंबरची सुरुवात. ३ जून २०२० चं निसर्ग वादळ अलिबागजवळ धडकलं आणि रायगडची घरं, बागा झोपवून गेलं. मुंबई थोडक्यात वाचली. १७ मे २०२१ चं तौक्ते समुद्रातूनच पुढे गेलं, तरी मुंबईत ताशी शंभर किलोमीटरच्या वर वेगानं वारा होता. अशा दिवशी मुलांना एवढंच सांगा: झाडाखाली आणि होर्डिंगखाली थांबू नका, खिडकीतल्या कुंड्या आत घ्या, मोबाइल चार्ज करून ठेवा.

१६. घरची तूरडाळ, ज्वारी, पापड, कुरड्या पाठवतो, पण महिनाभरात खराब होते म्हणतात. काय करावं?

एका वेळी कमी पाठवा. जून ते सप्टेंबर या काळात पंधरा-वीस दिवसांचंच द्या. आपल्या घरी कणगीत किंवा पोत्यात वर्षभर टिकणारं धान्य तिथे ओल ओढून घेतं, मग किडे आणि बुरशी आलीच. पाठवण्याआधी डाळीला कडक ऊन दाखवा, पूर्ण निवू द्या आणि घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात भरा. गरम असताना भरलं तर आतच वाफ धरते. पापड-कुरड्या दोन पिशव्यांत. बुरशी लागलेले शेंगदाणे किंवा ज्वारी धुऊन, भाजून वापरू नये. त्यातलं विष भाजल्यानं पूर्ण जात नाही. टाकून द्यायला जीव होत नाही, पण टाकावंच.

चामड्याचे बूट, पट्टे आणि सर्टिफिकेटांच्या फायलीही बुरशी धरतात. मूळ कागद गावीच ठेवा.

१७. पोरगा तीन वर्षं मुंबईत राहिला. आता मे महिन्यात बहिणीच्या लग्नाला येतो आहे. गावचाच आहे, त्याला ऊन सोसेल ना?

सोसेलच असं धरू नका. उन्हाची सवय काही आठवडे दूर राहिलं की जाते, लहानपण इथे गेलं असलं तरी. शिवाय मुंबईत घाम दिसतो म्हणून माणूस पाणी पितो. इथे तो दिसतच नाही (प्रश्न २), आणि तीन-चार तासांत अंग कोरडं पडतं. लग्नघरी पत्रिका वाटणं, मंडप, आचारी, वरात, सगळी धावपळ नेमकी याच पोरावर पडते.

पहिले चार-पाच दिवस दुपारी बाहेरचं काम त्याला देऊ नका. सकाळी कांदा-भाकरी आणि ताक घेऊनच घर सोडू द्या. चेहऱ्याला दुपट्टा बांधायला लावा, इथे तो हवाच. गाडीच्या डिक्कीत ओआरएसची दोन पाकिटं राहू द्या. अंग तापलं, घाम थांबला, बोलणं बरळल्यासारखं झालं, तर ती उष्माघाताची खूण: सावलीत नेऊन कपडे सैल करा, पाणी शिंपडून वारा घाला, बेशुद्ध असेल तर तोंडात पाणी ओतू नका, आणि १०८ ला फोन करून जवळच्या ग्रामीण रुग्णालयात न्या. वरात सायंकाळी सहानंतर काढता येत असेल तर आताच दोन्ही घरांनी बसून वेळ बदलून घ्या, पत्रिका छापायच्या आधी.